लेनर्डने फोडलेलं इंजिन

१२ एप्रिल, शनिवार
गेलं! बाबांच्या गाडीचं इंजिन गेलं. हिवाळाभर ताडपत्रीखाली होती. आज चालू केली तर नुसता पांढरा धूर. तेल काढून पाहिलं — दूध घातलेल्या कॉफीसारखं. म्हणजे पाणी आत शिरलंय. ऑक्टोबरात गाडी हिवाळ्यासाठी तयार करून ठेवायची, हे काम धाकट्या भावाचं. लेनर्डचं. वर्षातून एक काम!

१५ एप्रिल
मेकॅनिक ऑर्व्हिलने त्याच्या वर्कशॉपमध्ये इंजिन खोललं. इंजिनच्या ओतीव लोखंडी ब्लॉकला वीतभर चीर. "कूलंट नव्हतं, क्लेम," म्हणाला. "जवळजवळ नुसतं पाणी. थंडीत गोठलं, फुगलं, लोखंड फोडलं."

मिशिगनमध्ये जन्म काढलेल्या माणसाने गाडीत पाणी ठेवून हिवाळा काढावा! पाणी गोठतं, कूलंट गोठत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

तसाच लेनर्डकडे गेलो. तो आणि ज्वेल जेवत होते. बायकोसमोर त्याला नाही नाही ते बोललो. "भरलं होतं रे मी कूलंट," म्हणाला. मग म्हणे, "बहुतेक." बहुतेक!

१६ एप्रिल
डोकं अजून तापलेलंच.

१९ एप्रिल
ऑर्व्हिलकडे तिघे बसलो. तो म्हणतो, दोन वाटा आहेत. चीर सांधायची, सगळं नव्याने बांधायचं — वर्ष जाईल आणि खात्री नाही. नाहीतर खोक्यात येतं ते तयार नवं इंजिन. तीन आठवड्यांत गाडी रस्त्यावर, ताकदही जास्त.

लेनर्डला नवं हवं. "बाबांनी गाडी चालवायला घेतली होती, पुजायला नाही. आपण काय तरणे आहोत का अजून?"

मी म्हटलं, ब्लॉकवर ठोकलेला नंबर आणि गाडीवरचा नंबर एक आहे. पंचावन्न वर्षं एक आहे, म्हणजे हे गाडीचं मूळ इंजिन. बाबा गाडीच्या कारखान्यात, लोखंड ओतायच्या ओतशाळेत होते, हा ब्लॉक आपल्याच पाळीत ओतला असं शपथेवर सांगायचे. खरं असो नसो. तो भंगारात घालू?

"तसं नाही रे..."

"ज्याने फोडलं त्याने सल्ले देऊ नयेत."

ऑर्व्हिल उगाच हात पुसत बसला. बोलून मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

२६ एप्रिल
लेनर्ड आला. आत बसला नाही. त्याची किल्ली आणि गाडीचे कागद टेबलावर ठेवले. कागदांवर आम्हा दोघांची नावं. स्वतःचा अर्धा हिस्सा माझ्या नावावर करून सही केलेली.

"तूच सांभाळ. माझ्या हातून नासली. जुनंच बांध, तुझ्या मनासारखं."

थांब म्हणालो नाही. का म्हणू? त्याला हे आधी कळायला हवं होतं.

२८ एप्रिल
ऑर्व्हिलला सांगितलं, जुनंच बांधायचं. तो म्हणाला, लेनर्ड डोनटच्या दुकानात सगळ्यांना स्वतःहून सांगत सुटलाय — बाबांचं इंजिन मी फोडलं.

संध्याकाळी ज्वेलचा फोन. "बास कर आता, क्लेम. जेवत नाही तो धड. कूलंट भरल्याचं त्याला चांगलं आठवत होतं. पण तू मोठा, तू इतकं ठामपणे बोललास, आता त्याला स्वतःचंच खरं वाटत नाही."

म्हणजे अजून हेच, की भरलं होतं! गाडी हिवाळ्यासाठी ठेवली त्या दिवसाचं मी लिहिलेलं असणार. मी सगळं लिहितो. तिला म्हटलं, गेल्या वर्षीची वही काढतो आणि तुझ्या तोंडासमोर धरतो.

२९ एप्रिल
वही सापडली. १९ ऑक्टोबर: "लेनर्डने गाडी ठेवली. कूलंट बदललं, मापून पाहिलं."

२६ ऑक्टोबर: "काय ऊन पडलंय! लेनर्डला न सांगता गाडी काढली, नदीपर्यंत एक चक्कर. वाटेत इंजिनचा पाण्याचा पाइप फुटला, सगळं कूलंट सांडलं. नवा बसवला, नळाचं पाणी भरून घरी आणली. उद्या पाणी काढून कूलंट भरायचं."

२७ ऑक्टोबर: "दिवसभर टीव्हीवर फुटबॉल. हरले."

पुढे कुठेच काही नाही. सगळं माझ्या अक्षरात.

फोन केला. ज्वेलने उचलला. सापडलं का, म्हणाली. हो म्हटलं, लेनर्डला दे. तो आला, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "माफ कर, क्लेम."