आठ वॉट आणि डॉक्टरांचे स्पीकर

मात्सुमोतो, १२ ऑक्टोबर १९९६

ती. चिझुरुताईस इवाओचा साष्टांग नमस्कार.

मित्सुए या घरात येऊन तीन आठवडे झाले. चौसष्टाव्या वर्षी दुसरं लग्न केलं की सकाळी दोन टूथब्रश पाहून दचकायला होतं, एवढंच. तिच्याबरोबर तिच्या पहिल्या नवऱ्याचे, म्हणजे त्या दातांच्या डॉक्टरांचे, दोन स्पीकर आले. कमरेएवढे उंच, एकेकाला उचलायला तीन माणसं.

दोन हिवाळे खपून केलेला माझा काचेच्या व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर तू ऐकला आहेसच. आठच वॉटचा, पण गोड. तो यांना जोडला, तर गाणारी बाई रजईखालून गातेय की काय असं वाटलं. स्पीकर महाखादाड. खालच्या सुरांना इतका करंट मागतात की माझे व्हॉल्व्ह धापा टाकतात. मित्सुए म्हणाली, छान वाटतंय की. इतक्या आदबीनं म्हणाली की मला ते खरं वाटेना. डॉक्टरांचं अॅम्प्लिफायरचं यंत्र म्हणे चांगलंच दणकट होतं.

भाऊजींना नमस्कार. रागावत असतेस, तशी रागावत राहा.

तुझा इवाओ


नीइगाता, २० ऑक्टोबर

चि. इवाओस आशीर्वाद.

मेलेल्या माणसाशी पंजा लढवतोयस, तोही दातांच्या डॉक्टराशी! हे म्हणाले, मांजराच्या पाठीवर गोणी लादायची आणि मांजर कण्हतं म्हणून गळा काढायचा, असं तुझं चाललंय. त्या अॅम्प्लिफायरला झेपणारे तुझे जुने स्पीकर आहेत ना? ते लाव.

तोशिको सोडून गेली तेव्हा काय म्हणाली होती, विसरलास? या घरात दोनच गोष्टी दिसतात, सोल्डरिंगचा धूर आणि तुझी पाठ. तेव्हा मित्सुएला आधी विचार, मग काय ते जोड.

खारवलेला मासा पाठवलाय. एकटाच संपवू नकोस.

ताई


मात्सुमोतो, ८ डिसेंबर

ती. ताईस नमस्कार.

विचारलं नाही. तोक्योहून दोन धोंड्यांसारखे ट्रान्सफॉर्मर आणले आणि सहा आठवडे खोलीतच बसलो. नवा अॅम्प्लिफायर तयार झाला, चार मोठे व्हॉल्व्ह, साठ वॉट. स्पीकरनं कितीही ओढलं तरी आवाज खचत नाही.

बुधवारी दुपारी मित्सुएला समोर बसवून रेकॉर्ड लावली. ढोलावर पहिला ठोका पडला आणि कागदी दार थरथरलं. ताई, असा आवाज मी जन्मात काढला नव्हता! मित्सुए उठून स्वयंपाकघरात गेली. मागोमाग गेलो, तर रडत होती. डॉक्टरांची आठवण आली असणार. दुसऱ्या दिवशी ती नागानोला बहिणीकडे गेली. पर्सिमनची फळं वाळत घालायची आहेत म्हणाली. ती तर नोव्हेंबरातच वाळत घालतात.

यंत्र जिंकलं. पुढे काय करायचं ते तू सांग.

इवाओ


नीइगाता, १३ डिसेंबर

इवाओस,

मित्सुएशी फोनवर तासभर बोलले. सत्तावीस वर्षं डॉक्टर जेवण झालं की त्या स्पीकरसमोर बसत. तिला खोलीतून चालायचीही बंदी, पावलं वाजतात म्हणून. तुला गाण्याची आवड, म्हणून तिनं ते तुला भेट आणले. तुझ्या अॅम्प्लिफायरला ते हलेनात, तेव्हा तिला मनातून आनंदच झाला. त्या दबक्या आवाजात तुम्ही दोघं बोलत बसायचात म्हणे. मग तू सहा आठवडे पाठ फिरवलीस. बुधवारी ठोका पडला, तेव्हा तिला वाटलं डॉक्टर परत आले. तुझी मेहनत पाहून तिनं तोंड उघडलं नाही. तू भला माणूस आहेस, असं ती म्हणाली, तेही फार आदबीनं. सांभाळ.

ताई


मात्सुमोतो, २९ डिसेंबर

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

मोठं यंत्र आणि दोन्ही स्पीकर इथल्या शाळेच्या बँडला देऊन टाकले. त्यांचे मास्तर व्हॅन घेऊन आले, आणि आनंदानं वाकून वाकून नमस्कार करत राहिले. मग नागानोला गेलो. दारात भाषण आठवेना. खोली रिकामी केली, एवढंच म्हणालो. मित्सुएनं बूट घातले.

आता आठ वॉट, जुने हलके स्पीकर आणि मित्सुए. तिची सत्तावीस वर्षांची बोलायची बाकी एकदम निघाली आहे. गेल्या दहा दिवसांत एकही रेकॉर्ड मी धड ऐकलेली नाही. काल तिच्या मावशीच्या लग्नातली भांडणं ऐकता ऐकता रेकॉर्डची बाजू संपली, सुई नुसती फिरत राहिली, आणि कोणी उठलं नाही.

माझी तक्रार नाही. पण रेकॉर्ड ऐकायच्या राहतात, हे तिला कळवू नकोस. माया असू दे.

तुझा इवाओ