मिठाचा च्या

आष्टा रोड, सांगली
१२ ऑगस्ट, मंगळवार

सुभेदार आकारामसाहेबांस शालूबाईचा रामराम.

पत्र बघून कपाळाला आठी घातली असंल, ती आदी काढा. तुमी माझा फोन उचलत न्हाई म्हनून कागुद लिवतीया. चवथीपतूर शिकल्याली बाई हाय मी, चुका काढा खुशाल. मिरजंच्या दवाखान्यात पडून तुमाला दुसरं काम तरी काय हाय?

हितं आश्रमात समदं ठीक हाय. सुलाबाईची कवळी हरवली, दोन खोल्या उलट्यापालट्या केल्या, शेवटी तिच्याच तोंडात घावली. आमटी अजून पानचटच. फाटकाजवळची तुमची खुर्ची पावसात भिजाय लागली म्हनून मी वसरीवर घ्यायला लावली. त्यात मायेचं काय न्हाई, खुर्ची आश्रमाची हाय.

क्रांती सिस्टर सांगत व्हती, तुमी तिला फोनवर म्हनला, "त्या बाईनं मला समद्यांम्होरं चोरासारखं गाडीतनं उतरवलं. आता मी परत यायचा न्हाई. लेकाकडं पुन्याला जानार." तुमच्या ल्योकाचा, भाऊसोचा, राग मला कळतो. त्याची चावी गेली व्हती. तुमी कशाला रागावताय? तुमाला त्या दिवसातलं निम्मं आठवत बी नसंल. ते मी सांगते, मग काय त्यो राग धरा.

त्या दिशी उंब्रजला तुमच्या पनतूचं बारसं. पनतूचं तोंड बघितल्याव पनजोबाच्या डोक्याव सोन्याची फुलं उधळत्यात, म्हनून तुमी आठवडाभर आमचं डोकं खाल्लं व्हतं. मी म्हनलं, "वजनदार असली तर टकलाला लागत्याल, फेटा बांधा." तुमी खरंच बांधला. गुलाबी. नवरदेवावानी बसला व्हता भाऊसोची वाट बघत.

मला खोडी सुचली. रोज तुमी माझ्या डब्यातली साखर चोरून च्यात मागताय. त्या दिशी साखरंच्या जागी मीठ घातलं, चांगलं भरपूर. म्हनलं, पयल्या घोटाला फवारा उडंल, मिल्ट्रीतल्या शिव्या ऐकाय मिळत्याल. सुलाबाईला बी बघायला उभी केली.

तुमी कप रिकामा केला. वर म्हनला, "झ्याक झालाय."

सुलाबाई हसली. मी बी हसले. मग माझं हसू जाग्यावरच थांबलं.

"सुभेदार, निघाला कुटं?" मी इचारलं.

"पठानकोटला. गाडी लागलीया."

भाऊसो तवर आला व्हता. त्यो म्हनला, "दादांची थट्टा काय संपत न्हाई!" पर थट्टा केली की तुमी मिशीला पीळ देताय. त्या दिशी हात मांडीवरच पडून व्हता. सदऱ्याची बटनं एक घर चुकल्याली. आमच्या पदराला सुरकुती दिसली तरी परेड घेनारा मानूस तुमी!

तवा आदल्या दिवसाचं ध्यानात आलं. पत्त्यात मी राजा पदराखाली लपवला, तुमी बघितला आनि गप ऱ्हायला. निम्मी भाकरी ताटात तशीच. दुपारभर पेंगत व्हता. मला वाटलं, पनतूच्या आनंदानं रातची झोप लागली नसंल. आनि सिस्टरनं तर जेवनघरात समद्यांला बजावलं व्हतं, "म्हाताऱ्या मानसाला आजार झाला की ताप येतोच असं न्हाई. कोन खाईना, पेंगाय लागलं, बरळाय लागलं, रोजच्यापरास येगळं वागाय लागलं, तर मला हाक मारा." मीच म्हनले व्हते, "मग सिस्टर, हितं दिवसभर हाकाच मारत बसावं लागंल."

भाऊसोनं तुमच्या कपाळाला हात लावला. "ताप न्हाई मावशी. उगं येळ मोडू नगा." तुमाला गाडीत बशिवलं. सिस्टर मागं कुनाला तरी इंजेक्शन देत व्हती. सुलाबाईला तिकडं पळवलं, आनि मी गाडीची चावी काढून चंचीत टाकली.

"मावशी, चावी द्या."

"गिळली."

"मावशी!"

"आता सकाळपतूर वाट बघा."

नंतर दिली. धुवून दिली, कारन चंचीत चुना व्हता.

सिस्टर आली. थर्मामीटरमदी ताप न्हाईच. मग बोटाला त्यो चिमटा लावला, आकडा बघितला आनि तिचं तोंड उतरलं. नाकात काडी घालून तपासलं, तर करोनाच निघाला. आता त्याच्यासाठी कुनी थाळ्या वाजवत न्हाई, पर न बोलावता येनाऱ्या पावन्यासारखा त्यो येतोच अजून.

तुमी गाडीतनं उतरंना. फेटा मी ओढला, ही गोष्ट खरी. फेट्यामागनं तुमी आला. त्याची माफी मी मागनार न्हाई. उंब्रजला पाळन्यात सव्वा महिन्याचं लेकरू व्हतं, आनि तुमी त्याला छातीशी धरून मुकं घेनार व्हता. तुमच्या डोक्याव सोन्याची फुलं पडली असती. लेकराच्या डोक्याव काय पडलं असतं?

आता जरा माझं. तसं सांगायसारखं काय न्हाई. सध्या मी मागल्या खोलीत ऱ्हाते. खिडकीतनं चिचंचं झाड दिसतं, ताट दारात येतं, राणीवानी थाट हाय.

बरं, सांगते. माझ्या बी नाकात काडी घातली. तुमच्याम्होरं बसून पत्तं कुटलं, दुसरं काय व्हनार? दवाखान्यात न्यायसारखं न्हवतं, पर तोंडाची चव पार गेली. सिस्टरला सांगू नगा, मी रोज सकाळी माझ्याच च्यात मिठाची चिमूट टाकून बघत व्हते. नुसतं कोमट पानी. एकदा मी बी मोठ्यानं म्हनलं, "झ्याक झालाय." हसायला कोनच न्हवतं.

आज खारट लागला. असला खारट की खिडकीतनं थुकला. लय बरं वाटलं.

भाऊसोचा सिस्टरला फोन आला व्हता. बारसं थांबिवलंय. लेकराला समदी नुसतं बाळ म्हनत्यात, आनि फुलं डबीत हायत. तुमी बरं हून गेल्याबिगर डबी उघडनार न्हाईत.

मग पुन्याला जायाचं तर जावा. भाऊसोच्या सातव्या मजल्याला फाटक नसतं, तवा खुर्ची कुटं टाकनार ते बघा. सून साखर मोजून दील. पर तुमच्या च्यात मीठ घालायची छाती कुनाची हाय तिथं? तुमी गप बसला, तर आजारी पडलाय का शाना झालाय, हे वळखायचं कुनी?

उत्तर धाडा. शिव्या लिवल्या तर समजंन, बरं झाला. ग्वाड ग्वाड लिवलं, तर मी दवाखान्याला फोन करनार.

खुर्ची पुसून ठेवल्याली,
शालूबाई