आपल्या माळावरच्या कृत्तिका

धाराशिव, १० फेब्रुवारी

तीर्थरूप अप्पांना प्रतीक्षाचा नमस्कार.

कृत्तिकांत तुम्हाला तीनच चांदण्या दिसतात, ते शेजारच्या मुरुम गावच्या दिव्यांमुळं, असं मी मागच्या पत्रात लिहिलं. ते चुकलं. गडद अंधार शोधत मी मैत्रिणींबरोबर येडशीच्या डोंगरात गेले. तिथं सहा दिसल्या. मग प्रेमदादाला फोन करून आपल्या माळावरून मोजायला लावलं. त्यालाही सहाच.

म्हणजे आपला अंधार शाबूत आहे. “चांदण्या म्हाताऱ्या झाल्या,” असं तुम्ही आईला हसून सांगता म्हणे. पण कृत्तिका मोजून नजर पारखायला तुम्हीच शिकवलंत, अप्पा.

मोतीबिंदू असला तर बरा होतो. आईचा गुडघा कसा आहे? रात्री मेंढरांकडं एकटे जाऊ नका.

रविवारी मी घरी येते. सोमवारी, सोळा तारखेला, आपण डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं.

तुमची
प्रतीक्षा