उजव्या हाताची मूठ

२ सप्टेंबर
आज दुकानात पुन्हा तोच प्रकार! लोक गादी बघायला येतात आणि आधी माझ्या मुठीचा जोर बघायला हात पुढे करतात. "दाबा ना साहेब, जोरात!" हसत हसत डावा पुढे केला. उजव्याची दोन बोटं बधिर झालीत, हे कुणाला सांगू? दारात माझाच पुठ्ठ्याचा पुतळा — बगलेत रग्बीचा चेंडू, नाक वाकडं. खाली माझं मैदानावरचं टोपणनाव घालून लिहिलंय, 'बुलडोझरसुद्धा आमच्याच गादीवर झोपतो.' लाथ मारावीशी वाटते त्याला.

५ सप्टेंबर
डॉक्टर म्हणाले, "मानेतली नस दाबली गेलीय. ऑपरेशन करावं लागेल. तोवर रग्बीचं नावही काढू नका."
मी मान डोलावली. तीही दुखली!

६ सप्टेंबर
दुकानाच्या मालकांनी रविवारी जुन्या खेळाडूंचा सामना ठेवलाय, त्यात खेळणार नाही हे त्यांना सांगायला गेलो. तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "रविवारच्या सामन्याची सगळी तिकिटं संपली! जुन्या खेळाडूंत तुम्हीच हुकमी एक्का." न सांगताच परत फिरलो.
घरी यावं तर बायको खूश. "म्हाताऱ्यांचा सामना, कोण कुणाला मारतंय! एकदा तरी निवांत बघेन." माझ्या एकाही सामन्याला ती आली नाही कधी. बघवायचंच नाही तिला. आता कुठल्या तोंडाने सांगू? चारी बाजूंनी कोंडलोय.

८ सप्टेंबर
दुकानात एका आजोबांनी विचारलं, "स्क्रम म्हणजे काय हो?" सांगितलं — आठ विरुद्ध आठ वाकायचं, डोकी एकमेकांच्या खांद्यांत अडकवायची, समोरच्याचा शर्ट घट्ट धरायचा आणि रेटायचं.
"म्हणजे बसच्या दारातली गर्दीच की!"
हो आजोबा. फक्त सगळा भार मानेवर.

१० सप्टेंबर, रविवार
खेळलो. गाढव आहे मी!
समोर माझा जुना प्रतिस्पर्धी, सगळे ज्याला रेडा म्हणतात तो. बारा वर्षं कानाला कान भिडवून झुंजलो त्याच्याशी, एकदाही धड बोललो नाही. पहिल्याच स्क्रमला वाकलो, त्याचा शर्ट धरला, तर कानात पुटपुटला, "मूठ कुठाय तुझी?"
मी आणखी घट्ट धरायला गेलो.
"अरे, पाठीवर वळ उठायचे माझ्या. आज लहान मुलानं धरल्यासारखं वाटतंय. हात गेलाय ना? वहिनींना माहितीये?"
"नाही."
"मूर्खा!"
आणि रेटायच्या आत मटकन खालीच बसला. "गुडघा गेला!" त्यांच्याकडे बदली माणूस नव्हता. पुढच्या रांगेतला गडी कमी पडला, की नियमाने रेटारेटी बंद! पुढचे सगळे स्क्रम आम्ही नुसते एकमेकांना टेकून काढले. लोक ओरडत होते, "रेडा म्हातारा झाला!" लंगडत लंगडत बाहेर गेला. खुर्च्यांच्या आड गेल्यावर सरळ चालायला लागला, मी पाहिलं. रडूच आलं मला.
बायको टाळ्या वाजवत होती.

११ सप्टेंबर
नाही सांगितलं. ती अजून सामन्याचंच बोलतेय.

१३ सप्टेंबर
हे अक्षर माझं नाही. सकाळपासून हातात पेन ठरेना. शेवटी बायकोला हाक मारली. मी सांगतोय, ती लिहितेय.
"मागची पानं वाचू?" तिने विचारलं.
वाच म्हणालो.