मायचं लुगडं

असोदा,
ता. ९ फेब्रुवारी २०२५

चि. कोकिळा,
अनेक आशीर्वाद.

तू आणि बाळी दवाखान्यातून सुखरूप घरी आलात, हे ज्ञानेश्वररावांनी कळवलं. फोटो पाहिला. जावळ भरपूर आहे. इकडे केळीची कापणी चालू आहे. सकाळी थंडी असते. मी जेवतो वेळेवर.

मायचं अंग लुळं पडल्यापासून तूच दर आठवड्याला येऊन तिचं न्हाणं-धुणं करायचीस. डॉक्टरांनी तुला पडून राहायला सांगितलं आणि तुझं येणं थांबलं. बाई ठेवून पाहिली, माय तिला हात लावू देईना. मग मी मोबाईलवर व्हिडिओ लावून शिकलो. पलंगावरच केस कसे धुवायचे, माणूस न उचलता चादर कशी बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी वळवायची. एक नर्सबाई सावकाश सांगते. कूस वळवताना आपला हात पाठीखाली ठेवायचा, म्हणजे माणूस घाबरत नाही.

लुगडं मात्र जमेना. दार लावून स्वतःलाच नेसून पाहिलं. शेजारच्या सुंदरबाई मागच्या दाराने वरण घेऊन आल्या. थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "निऱ्या उलट्या घातल्या तू." आणि वाटी ठेवून गेल्या.

मायची वेणी मी कितीही हळू घातली तरी ती म्हणायची, "कोकिळे, हयूच ओढजो माय."

पहिल्यांदा मी म्हणालो, "माय, मी भूपेंद्र आहे." तिने हात झटकला, केसांना हात लावू देईना. दुसऱ्या दिवशी मी नुसतं "हो माय" म्हणालो. ती शांत बसली. त्यानंतर मी तुझ्याच नावाने तिचं करत होतो.

तू फोनवर विचारायचीस तेव्हा मी सांगायचो, माय झोपली आहे. शेवटी शेवटी ते खरं नव्हतं.

कोकिळा, माय संक्रांतीच्या आधीच गेली. सकाळी चहा पाजत होतो. दोन घोट घेतले, तिसरा ओठातून बाहेर आला. मी तोंड पुसलं आणि पुन्हा चमचा लावला. मग कळलं. तुझे दिवस भरत आले होते, त्यात रक्तदाब. बाळंतपण होईपर्यंत सांगायचं नाही, असं ज्ञानेश्वरराव आणि मी ठरवलं. राग आला तर माझ्यावर काढ, त्यांच्यावर नको.

बायका अंघोळ घालायला आल्या. नवं लुगडं आणलं होतं. मी म्हणालो, मी नेसवतो. एकजण म्हणाली, "हे बाप्याचं काम नाही." सुंदरबाई म्हणाल्या, "इतके दिवस कोण करत होतं? नेसवू द्या त्याला."

मी नेसवलं. कूस वळवताना हात पाठीखाली ठेवला. निऱ्या नीट आल्या.

मला अजून रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, येईल. सकाळी उठून पाणी तापवतो, मग गॅस बंद करतो.

हे पत्र वाचशील तेव्हा ज्ञानेश्वरराव जवळ असतील, तसं त्यांना सांगितलं आहे. आधी बाळीला पाजून घे. सव्वा महिना झाला की मी गाडी घेऊन धुळ्याला येतो. तुला न्यायला कुणीतरी यायला हवं, आणि ते आता मीच आहे.

तुझं माहेर,
भूपेंद्र