पाट की खुर्ची

४ नोव्हें.
मनूच्या लग्नाची बैठक. कन्यादानाचं सांगताना गुरुजी माझ्या कमरेकडे बघून म्हणाले, "काका, तुम्हा दोघांना खुर्च्या मांडू. हल्ली निम्मे यजमान खुर्चीवरच." बेलापूरचे व्याही लगेच, "बसा की खुर्चीवर. आमचं काय बी म्हननं न्हाई." स्वतः सत्तरीचे, तासभर सतरंजीवर मांडी घालून. मी सोफ्यावर. डोकंच फिरलं. एकुलत्या एक मुलीचं कन्यादान आणि खुर्चीवरून? पाटावरच बसणार, सांगून टाकलं. सौ. कप गोळा करायला लागली.

६ नोव्हें.
भिंगारात देवळाच्या हॉलमध्ये योगवर्ग. शिकवणारी पोरगी मनूहून लहान. तळवे जुळवून गुडघे बाजूला सोडायचे. नाव काय, तर फुलपाखरू! एकसष्ट वर्षांचं, ढेरीवालं फुलपाखरू. माझे गुडघे हवेतच. "काका, बुडाखाली उशी घ्या, भिंतीला टेका." उशी म्हाताऱ्यांना. घेतली नाही.

९ नोव्हें.
घरी केलं. गुडघे खाली जाईनात. सौ.ला म्हटलं, दाब. "नको हो." दाब म्हटलं ना! उजव्या जांघेत अशी कळ गेली की आई आठवली. आता जिना चढवत नाही.

१३ नोव्हें.
दाबल्याचं सांगितलं तर वर्गातली पोरगी चिडली. "गुडघे दाबायचे नसतात, काका. ढिले सोडायचे. मांडीला ताण चालेल. गुडघ्यात, जांघेत टोचलं की थांबायचं." पस्तीस वर्षं ऑफिस हाकलं, आता ही मला थांबायला शिकवणार. शेजारचा बँकवाला डोकं पावलांना टेकवून दाखवतो. टेकव बाबा. वर्गात येतोस कशाला मग, सर्कशीत जा.

२१ नोव्हें.
बुडाखाली सतरंजीची घडी, पाठ भिंतीला, दोन्ही मांड्यांखाली लोड. नुसता दरबार. पण आज गुडघे आपोआप खाली आले, कुठे टोचलं नाही. पोरगी बरोबर होती. तिला सांगितलं नाही. उगाच चढेल.

३० नोव्हें.
पाटावर पंच्याची घडी, त्यावर मांडी. सगळा विधी होईल एवढा वेळ बसलो! व्याह्यांना फोन. "लई झ्याक!" सौ.ला म्हटलं, खुर्चीत बसून पोरगी देणाऱ्यांना लाजा कशा वाटत नाहीत. हसली नाही. सतरंजी उचलून आत गेली.

३ डिसें.
परवा लग्न. सकाळी देवघरासमोरून सौ. उठताना दिसली. एक हात फरशीवर, दुसरा कपाटाच्या कडीला, ओठ आवळलेले. कधीपासून, विचारलं. "दिवाळीचा फराळ करायला खाली बसले होते ना, तेव्हापासून गुडघा धरलाय."
बोलली का नाहीस?
"गुरुजी खुर्च्या म्हणाले तेव्हा फार बरं वाटलं होतं. मग तुम्ही खुर्चीवाल्यांना काय काय बोलायला लागलात."
गाढव आहे मी. बँकवाल्याच्या दिखाव्याला हसत होतो, माझा काय वेगळा होता? रोज माझ्यासाठी ती सतरंजी वाकून कोण अंथरत होतं? एकदाही बघितलं नाही.
म्हटलं, तू खुर्चीवर बस, मी पाटावर. "इश्श! नवरा खाली नि बायको वर? बेलापूरचे काय म्हणतील! तुम्ही एवढं शिकलात, आता बसाच. मी बसेन तासभर."
गुरुजींना फोन लावला. लगेच उचलला.
"बोला काका. पाटच ना?"
सौ. दारातून मान हलवून हो म्हणा, हो म्हणा करत होती. मी म्हटलं, "नाही गुरुजी, दोन खुर्च्या मांडा."