प्रवासी एक, पिशव्या एकोणीस

तीर्थस्वरूप कृष्णाआक्का हिला धाकट्या दिनानाथचा नमस्कार, गुडघे जेवढे वाकतील तेवढा वाकून. तुझी कंबर आता कशी आहे? (सून लावते त्या तेलाला वास असला तरी सोडू नकोस.) कारखान्यात गणपतींचे डोळे अजून तूच आखतेस असे कळले. शहात्तराव्या वर्षी तुझा हात हलत नाही आणि माझा नुसते पेन धरले तरी हलतो, तेव्हा अक्षर सांभाळून घे. इकडे सगळे बरे आहे. म्हणजे मी आहे, म्हैस आहे आणि आपली सकाळची गाडी अजून आहे. त्या गाडीचेच सांगायला बसलो आहे, कारण डोक्यात इतका गुंता झालाय की कुठले टोक ओढू ते कळत नाही.

झाले असे की साडेसातची रोह्याहून पेणला जाणारी गाडी आपल्या गावात वळते, ते वळणे बंद करणार अशी नोटीस लागली. कारण लिहिले होते, गावातून दिवसाला सरासरी एकच प्रवासी चढतो. आम्ही सगळे चक्रावलो. गावात एक घर असे दाखव की ज्याचे त्या गाडीवाचून चालते. गाडी गावात आली नाही तर साडेतीन किलोमीटर चालून फाटा गाठायचा, आणि माझे गुडघे फाट्यापर्यंत यायला तयार नाहीत. मग सुलेमानभाईंच्या ओट्यावर सभा झाली (तेच गिरणीवाले, त्यांचा जुहेब हल्ली कतारला असतो), समिती झाली आणि मी अध्यक्ष झालो. अध्यक्ष का, तर सभेला स्वतःचे पेन घेऊन मी एकटाच गेलो होतो. एसटीच्या डेपोत अर्ज केला. तिथला साहेब भला माणूस. म्हणाला, मंगळवारी मोजायला माणूस पाठवतो, दहा डोकी भरली तरी गाडी ठेवतो.

मी घरोघर फिरून सांगितले की मंगळवारी साडेसातला थांब्यावर या. सगळे व्हय म्हणाले. आणि आक्का, खोटे कशाला सांगू, सगळे आलेसुद्धा. तीसेक माणूस असेल. माझी छाती फुगली, डोळे भरले, भाषण करावेसे वाटले. तेवढ्यात गाडी आली. मी अध्यक्ष म्हणून आधी चढलो. तोच शरीफाभाभी खिडकीपाशी आल्या. "दिनूभाई, तुमी जाताव ना? मग माझा चष्मा तेवढा न्या, दांडी तुटली हाय." मागून विमलबाई म्हणाल्या, "शरीफा गो, तू नाय जात तर मी एकटी जाऊन काय करू?" आणि त्यांनी कुकर आत दिला, रबर बसवून आणायला. मग रांगच लागली. (तुला माहीतच आहे, आपल्याकडे एक माणूस पेणला निघाला की अख्ख्या गावाची कामे त्याच्या हातात. दुसऱ्याने उगाच तिकीट काढले तर त्या पहिल्याचा अपमान होतो.) जनूने गुडघ्याचा एक्स-रे दिला, गुडघा घरीच ठेवला. वर कवळी दिली, घासते म्हणून. म्हटले, अरे, दाताचा डॉक्टर तोंड मागेल की. तर म्हणतो, "तुमी सांगा त्याला, डावीकडं लागते."

गाडी सुटली. मोजणीला आलेल्या माणसाने मागे पाहिले, पुढे पाहिले आणि मला विचारले, "आजोबा, बाकीची माणसं कुठेत?" मी म्हटले, ही काय, सगळी आली आहेत. ही शरीफाभाभी, ह्या विमलबाई, हा जनू. आणि एकेक पिशवी उचलून दाखवली. त्याने शांतपणे लिहिले: प्रवासी एक, पिशव्या एकोणीस. पिशवी डोके म्हणून मोजत नाहीत म्हणाला. आता मला सांग, गाव गाडीने जाते की जात नाही? मला अजून कळलेले नाही.

पण पेणला एकोणीस पिशव्यांची कामे उरकून, तुझ्या दारी न येताच परतताना एक गोष्ट कळली आणि ती वाईट कळली. शिमग्यापासून मी तुझे तोंड पाहिलेले नाही. दर गुरुवारी पिशवी मात्र बिनचूक जाते. कोणीतरी निघतो, त्याच्याबरोबर माझे वाल जातात. पेणला तुझी सून ती पिशवी घेते आणि मागच्या गुरुवारची पिशवी तुझे पापड घालून परत देते. मध्ये एकदा पिशवी रिकामी आली, तेव्हा ओळखले की तू आजारी आहेस. आणि मी काय केले? पुढच्या पिशवीतून काढा पाठवला. गावाला कोणत्या तोंडाने बोलू?

असो. घरात लहानथोरांना यथायोग्य.

तुझा,
दिनानाथ

ता. क. साहेबाने आणखी एक संधी दिली आहे. येत्या सोमवारी पुन्हा मोजणी. तू रविवारी संध्याकाळच्या गाडीने माहेरी ये, माझ्या हातची वालाची उसळ खा आणि सोमवारी सकाळी आपल्या थांब्यावरून चढ. तुझ्या वयाला तिकिटाचे पैसे पडत नाहीत, पण डोके मोजतात. चौकशी केली आहे.

ता. क. पापड पाठवू नकोस. स्वतः ये.

ता. क. हे पत्र वालाच्या पिशवीत घालून कंडक्टर अनिताबाईंच्या हाती देत होतो. त्यांनी पिशवी पाहिली, मला पाहिले आणि म्हणाल्या, "काका, पिशवी न्यायची तर तिच्यासंगं तुमी चढा." म्हणून ही ओळ गाडीत लिहितोय, अक्षर हलतेय ते त्यामुळे. जनू कवळी घेऊन धावत आला होता, त्यालाही त्यांनी आत ओढले. तू हे वाचशील तेव्हा मी समोरच बसलेला असेन. माझ्याकडे बघू नकोस, आधी पत्र पुरे कर. हे सगळे मला तोंडाने सांगता आले नसते. आणि जनूला मऊ भात लागेल, कवळी डॉक्टरकडे राहणार आहे.